रिले टकटकायचा, दोष मात्र चावीमागे

वडोदऱ्यात मे महिन्यात आमच्या जुन्या कॅम्पर व्हॅनने हट्ट धरला. पावागढला निघायचं ठरलेलं, आणि चावी फिरवली की रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा विजेचा स्विच) नुसता टकटक करायचा, स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) ढिम्म. दांडिया बाजारातले शेजारचे काका म्हणाले, "बॅटरी गेली रे." मोजली तर 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठीक. मग रिले बदलला. टकटक तशीच!

तेव्हा मल्टिमीटर घेऊन नीट बसलो. रिलेच्या 30 नंबरच्या पिनवर, जिथे बॅटरीचा पुरवठा येतो, बॅटरीचा पूर्ण दाब (व्होल्टेज); कॉइलच्या अर्थच्या टोकाची, म्हणजे 85 ची, अर्थिंग चांगली. पण चावी स्टार्टवर धरली की 86 वर, म्हणजे कॉइलच्या चावीकडच्या टोकावर, जेमतेम 8 व्होल्ट. एवढ्यावर कॉइल, म्हणजे रिलेतलं विद्युतचुंबक, आतला संपर्क धड ओढून धरणार कशी?

डॅशबोर्डखाली इग्निशन स्विचचा कनेक्टर काढला आणि जीव दचकला. मुख्य पुरवठ्याची पिन तपकिरी, प्लॅस्टिक वितळलेलं. आधीच्या मालकाने पंखा आणि छोटा फ्रिज इग्निशनच्याच वायरवर जोडले होते. सगळा करंट त्या एका पिनमधून जायचा. ती तापत गेली, रोध वाढत गेला, म्हणून 86 पर्यंत दाब कमी पोचायचा. आग लागली नाही हे नशीब.

बॅटरीची निगेटिव्ह काढून जळका भाग कापला, नवा टर्मिनल क्रिंप केला, म्हणजे वायरवर दाबून बसवला. पंखा-फ्रिजला वेगळा रिले दिला, पुरवठा थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीजवळच. आता पंखा-फ्रिजपायी स्विचवर फक्त त्या रिलेच्या कॉइलचा भार, म्हणजे साधारण 0.15 अँपिअर. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. पंखा-फ्रिज चालू ठेवूनही बॅटरी आणि 86 मधला फरक आता जेमतेम 0.2 व्होल्ट येतो.