जुना ट्रॅक्टर घेताना गियरबॉक्स कसा तपासावा

आखाजीच्या आगेमागे खान्देशात जुन्या ट्रॅक्टरच्या चौकशा सुरू होतात, कारण पावसाच्या आत नांगरट-वखरणी उरकायची असते. घेणारा धूर बघतो, टायर बघतो, मीटरवरचे तास बघतो. गियरबॉक्सकडे वळेपर्यंत चहा येतो आणि सौदा बसतो. गियरबॉक्स उघडायचा तर ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. ऐन हंगामात ही भानगड परवडत नाही.

आधी ट्रॅक्टर कुठे राबला ते काढा. मीटरवर भिस्त नको, केबल तुटलेली असू शकते. रावेर-यावलकडे रोटाव्हेटरवर राबलेल्या ट्रॅक्टरचे लो गियर आणि पीटीओ (मागच्या अवजाराला फिरवणारा शाफ्ट) झिजतात. वाळू-विटांच्या ट्रॉल्या ओढलेल्याचा क्लच, हाय गियर आणि क्राउन-पिनियन (मागच्या चाकांकडे जोर वळवणारी गियरची जोडी) दमलेले असतात. मालक म्हणेल, "घरचाच आहे भाऊ, शेतीतच चालला." मग मागचा हुक बघा. ट्रॉलीने भोक लांबट झालं असेल आणि मागच्या टायरच्या नक्ष्या डांबरावर घासून गुळगुळीत झाल्या असतील, तर उत्तर मिळालं. पीटीओ शाफ्टच्या खाचा धारदार झाल्या असतील तर रोटाव्हेटर भरपूर चाललाय. तो शाफ्ट इंजिन बंद करूनच हाताळा.

सकाळी, ट्रॅक्टर थंड असताना जा. आधी धुऊन-पुसून ठेवू नका असं सांगा. खाली वाकून गियरबॉक्सचे जोड बघा. नटांवर पान्याचे ताजे ओरखडे आणि जोडात नवं सिलिकॉन दिसलं तर गियरबॉक्स उघडला गेलाय. उघडला म्हणजे वाईटच असं नाही. काय बदललं, त्याचं बिल मागा. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या क्लच हाउसिंगला खाली एक छोटं भोक असतं. तिथून ऑइल ठिबकत असेल तर इंजिनाचं किंवा गियरबॉक्सचं सील गेलंय, आणि दोन्हीसाठी ट्रॅक्टर सोडवावाच लागतो.

गियरबॉक्सचं ऑइल बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. मालक तयार असेल तर तळाचा नट सैल करून थोडं ऑइल डब्यात काढा आणि त्यात लोहचुंबक फिरवा. त्यावर राखाडी, मऊ लगदा चिकटला तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा चकचकीत पापुद्रे आले तर दात्याचा किंवा बेअरिंगचा तुकडा पडतोय. ऑइल नुकतंच बदललेलं आणि गरजेपेक्षा घट्ट वाटलं तर सावध व्हा. ९० नंबरच्या जागी १४० भरलं की आवाज काही काळ दबतो.

आता कान लावा. इंजिन चालू, गियर न्यूट्रल, पीटीओ बंद. क्लच दाबल्यावर घरघर थांबली तर ती गियरबॉक्सच्या बेअरिंगची. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. गियर टाकताना खरखर झाली तर लगेच गियरबॉक्सला दोष देऊ नका. क्लचच्या पेडलचा ढिलेपणा आधी बघा. जुन्या स्लायडिंग मेश (गियर सरकवून दात्यात दाते बसवायच्या) ट्रॅक्टरात चालता गियर बदलला तर खरखरणारच, तो उभा करूनच बदलायचा असतो.

खरी परीक्षा लोडवर. रिकामा ट्रॅक्टर गावात फिरवून काही कळत नाही. भरलेली ट्रॉली जोडा किंवा काळ्या रानात नांगर लावा, आणि ऑइल चांगलं तापेपर्यंत चालवा. वैशाखात जळगावचा पारा ४५ अंशांवर असताना ऑइल पातळ होतं आणि थंडपणी दबलेला आवाज उघडा पडतो. हाय-लो धरून प्रत्येक गियर घ्या, रिव्हर्सही. लोड आल्यावर किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गियर आपोआप निघून आला, तर दाते, फोर्क (गियर सरकवणारा काटा) किंवा गियर जागेवर धरणाऱ्या लॉकची स्प्रिंग झिजलीये. मालक स्वतः चालवून दाखवत असेल तर त्याचा हात बघा. गियरच्या दांड्यावरून हात निघतच नसेल तर हात काढायला सांगा.

एकाच गियरला आवाज असेल तर दोष त्याच गियरचा. ठरावीक अंतराने टक्-टक् होत असेल तर दाता तुटलाय. सगळ्याच गियरला रडका सूर असेल तर बेअरिंग किंवा क्राउन-पिनियन. फक्त वळतानाच कडकडलं तर डिफरन्शियल, म्हणजे वळताना मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग. फेरी झाल्यावर ट्रॅक्टर उभा करा आणि पुन्हा खाली वाका. तापलेलं ऑइल झिजलेल्या सीलमधून आता बाहेर येतं.

माझं मत असं: सील, क्लच, रिलीज बेअरिंग एवढंच निघालं तर ओळखीच्या मिस्त्रीकडून खर्च विचारून किमतीतून वजा करा आणि खुशाल घ्या. गियर निघून येत असेल किंवा क्राउन वाजत असेल, तर किंमत कितीही पाडली तरी सोडून द्या. एक दाता गेला की त्याला जोडीचा गियरही बदलावा लागू शकतो. आणि जो मालक लोडवर चालवूच देत नाही, त्याच्याकडे चहा घ्या आणि निघा.

सौदा पटला तरी आरसीवर बँकेचा बोजा नाही ना, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.