साइट उघडत नाही? आधी घड्याळ बघा

कापसाच्या हंगामात आमच्या गावात लाईन दिवसातून तीनदा जाते. लाईन आल्यावर कॉम्प्युटर सुरू केला, सातबारा काढायला बसलो, तर 'कनेक्शन सुरक्षित नाही' असा लाल इशारा. नेटला दोष देण्याआधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुनं साल दिसलं तर दुखणं तिथंच आहे. प्रत्येक सुरक्षित साइटकडे ती खरी असल्याचं डिजिटल प्रमाणपत्र असतं, आणि त्याला मुदत असते. घड्याळ चुकलं की ब्राउझरला ते प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं.

विंडोजमध्ये सेटिंग्जमधून 'टाइम अँड लँग्वेज', मग 'डेट अँड टाइम' उघडा. टाइम झोन +५:३० ठेवा, 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करा आणि 'सिंक नाऊ' दाबा. साल फारच मागे गेलं असेल तर तारीख आधी हाताने दुरुस्त करा, कारण एवढा मोठा फरक विंडोज स्वतःहून भरून काढत नाही.

लाईन गेली की दर वेळी तारीख मागे जाते? मग मदरबोर्डवरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किटवरची, लाईन नसताना घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी संपली. सहसा ती सीआर २०३२ असते, ३ व्होल्टची. तालुक्याच्या बाजारात घड्याळवाल्याकडे सुद्धा मिळते. प्लग काढूनच बदला.