पार्व्होतून पिल्लू सावरताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात इथे गोव्यात, फोंड्याला, आमच्या चिंगी या कुत्रीच्या पिल्लाला पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्याचा विषाणूजन्य आजार झाला, तेव्हा ती अडीच महिन्यांची होती. सकाळी पिवळ्या फेसाची उलटी केली, दुपारी पडवीचा कोपरा धरला. “बेडूक तोंडात धरला असेल, उद्या बघू,” असं मीच म्हटलं. रात्री रक्ताचे जुलाब लागले आणि घरभर तो कुबट, गोडसर वास पसरला. ती रात्र आम्ही वाया घालवली. लस पूर्ण न झालेलं पिल्लू उलटी करून मलूल पडलं, तर उद्याची वाट बघू नका. दवाखान्यात विष्ठेची झटपट चाचणी काही मिनिटांत होते.

हा विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या भराभर वाढणाऱ्या पेशी मारतो आणि हाडांच्या मगजावर हल्ला करून रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवतो. अस्तर गेलं की अंगातलं पाणी बाहेर वाहतं आणि आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. पिल्लू दगावतं ते पाणी आटल्याने, साखर उतरल्याने आणि रक्तात जंतू पसरल्याने. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, प्रतिजैविकं हे सगळं अस्तर पुन्हा येईपर्यंत पिल्लाला तगवण्यासाठी असतं. आपलं लक्ष मात्र जुलाबाकडे असतं, आणि बहुतेक चुका तिथूनच होतात.

जुलाब बांधायची घाई

माणसांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या देऊ नका. आतड्याची हालचाल थांबली की घाण आतच साचते. ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर अजिबात नको, ती पिल्लाला विषासारखी बाधतात. आमच्या शेजारच्या काकींनी मायेने कोकमाच्या सोलांचं पाणी आणून दिलं होतं. उलट्या चालू असताना सोलांचं पाणी, शहाळं, ओआरएस यांपैकी काहीही सिरिंजने घशात ओतलं, तर ते उलटून पडतं किंवा फुप्फुसात जातं. म्हणूनच पाणी शिरेतून द्यावं लागतं.

तिसऱ्या दिवसाची फसगत

माझ्या मते सर्वांत जास्त पिल्लं इथे हातची जातात. दोन सलाईन झाली, शेपूट हलली, पिल्लाने पाण्याकडे तोंड नेलं, की आपण म्हणतो, आता बरी आहे. सत्तरी किंवा पेडणे अशा लांबच्या तालुक्यांतून पावसात रोज दुचाकीवर पिल्लू नेणं सोपं नाही, खर्चही असतो, हे मला कळतं. तरी सलाईन कधी थांबवायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या. घरी आणल्यावर दर दोन-तीन तासांनी हिरड्या बघा. त्या ओल्या आणि गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसायला हवी. चिकट किंवा पांढरट हिरड्या दिसल्या तर जुलाब थांबलेले असले तरी दवाखाना गाठा.

पिल्लू अचानक लटपटायला किंवा थरथरायला लागलं, तर साखर उतरलेली असू शकते. बोटावर मध किंवा ग्लुकोजचं पाणी घेऊन हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, आणि तसंच निघा. अंग गार लागलं तर फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवा. पिल्लाचं तापमान साधारण १०१ ते १०२ फॅरेनहाइट असतं. ते शंभराच्या खाली घसरणं तापापेक्षा वाईट. आणि सावरत असताना पुन्हा जोरात उलट्या सुरू होऊन पोटात गाठ लागली, तर आतड्यात आतडं अडकलेलं असू शकतं. त्याला शस्त्रक्रिया लागते.

उपाशी ठेवणं आणि पोटभर घालणं

पूर्वी आतड्याला आराम म्हणून कितीतरी दिवस उपास घडवत. आता उलटी आटोक्यात येताच थोडं अन्न सुरू करतात, कारण अस्तर नव्याने यायला आतड्यात अन्नच लागतं. कातडी-हाडं काढलेलं उकडलेलं चिकन आणि मऊ पेज, एका वेळी एक-दोन चमचे, दिवसातून सहा-सात वेळा. दूध नको, आणि कढी-हुमणातला नारळही नको. भूक परत आली की पिल्लू वाडगं चाटूनपुसून अजून मागतं. तेव्हा मन घट्ट करावं लागतं. आठवडाभर शौच मऊ राहिलं तर घाबरू नका. प्रतिजैविकांचा कोर्स मात्र पूर्ण करा.

फिनेलवरचा विश्वास

फिनेल, डेटॉल, सॅनिटायझर यांच्यावर भरवसा ठेवून या विषाणूशी लढता येत नाही. आधी घाण साबणाने धुऊन काढा. मग एक लीटर पाण्यात ३० मिली साधं ब्लीच घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवा. ब्लीचमध्ये फिनेल किंवा संडासाचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू निघतो. मातीचं अंगण आणि चिऱ्याच्या भिंतीतली भोकं अशी स्वच्छ होत नाहीत. सावलीच्या ओल्या मातीत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलांबरोबर शेजारी पोचतो. बरं झालेलं पिल्लूही निदान दोन आठवडे विष्ठेतून तो पसरवतं, तोवर त्याला वेगळं ठेवा.

गोव्यात आणखी एक गैरसमज कायम ऐकू येतो. मिशन रेबीज या संस्थेची माणसं वाड्यावर येऊन कुत्र्यांना टोचतात, अंगावर रंगाची खूण करतात, आणि घरचे म्हणतात, “आमच्याला इंजेक्शन झालंय.” ती लस रेबीजची, आणि ती हवीच. पार्व्होची वेगळी. ती सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी लागते, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीचे डोस निष्प्रभ करू शकते.

चिंगी सहाव्या दिवशी स्वतःच्या पायांनी पायरी उतरली. यंदा वहिनी माहेरून, डिचोलीहून, एक पिल्लू आणणार आहे. त्याचे डोस आधी तिथेच पूर्ण होतील, मगच ते आमच्या अंगणात पाय ठेवेल.