चतुर शोधायचा आणि ओळखायचा कसा: रंग शेवटी बघा

चतुर, म्हणजे ड्रॅगनफ्लाय, ओळखायला बसलेला नवखा माणूस आधी रंग बघतो आणि तिथंच फसतो. लाल दिसला की पुस्तकातला पहिला लाल चतुर शोधून नाव ठोकून मोकळा. पण कित्येक जातींत नर कोवळेपणी पिवळा असतो आणि वयात आल्यावर लाल होतो. मादी बहुतेक वेळा पिवळी-तपकिरीच राहते, आणि लाल नर तर कितीतरी जातींत आहेत. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी अंगकाठी आणि बसायची ढब, मग डोळे, पंख, पोट. रंग सगळ्यात शेवटी.

कधी, कुठं

ऊन हवं. चतुराचं अंग उन्हानं तापल्याशिवाय नीट उडता येत नाही, त्यामुळे साधारण सकाळी 9 ते दुपारी 4 हा चांगला वेळ. ढग आला की गजबजलेलं तळं पाच मिनिटांत ओस पडतं. सगळे झुडपांत शिरतात. अशा वेळी निघून जाऊ नका, थांबा. वारा असेल तर झाडीच्या आडोशाचा काठ धरा. ज्यांना फोटोच काढायचे आहेत त्यांनी उजाडताच जावं. दवानं भिजलेला, गारठलेला चतुर हलत नाही. उडायच्या आधी तो पंख थरथरवून अंग तापवतो. ती थरथर दिसली की हातात थोडाच वेळ उरला आहे, असं समजा.

पाणी कसलं आहे यावर कोण भेटणार हे बरंचसं ठरतं. उघडं साचलेलं तळं, गवताळ दलदल, सावलीतला वाहता ओढा, खडकातली डबकी, सांडपाण्याचा नाला, प्रत्येकाची मंडळी वेगळी. काठावर उभी गवतं आणि पाण्यातून वर आलेल्या काटक्या असतील तर उत्तम. तळ्याला फेरी मारण्यापेक्षा एका जागी 15 मिनिटं उभं राहणं जास्त फायद्याचं, कारण नर आपली हद्द राखतात आणि पुन्हा पुन्हा तिथंच येतात. फक्त पाण्याकाठीच बघितलं तर यादी नरांचीच होते. माद्या आणि कोवळे चतुर पाण्यापासून लांब, गवतात आणि रानाच्या कडेला असतात. तिकडेही एक चक्कर हवीच.

जवळ कसं जायचं

त्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, पण सगळ्यात जास्त खटकते ती आडवी हालचाल आणि अंगावर पडलेली सावली. सूर्य कुठं आहे ते बघून, अंग खाली ठेवून, सरळ रेषेत हळू पुढे सरका. हात झटकन वर नेऊ नका. कॅमेरा आधीच डोळ्याशी धरलेला असू द्या. उडाला तर पाठलाग करू नका, आहात तिथंच थांबा. काटकीवर बसणाऱ्या जाती बहुधा त्याच काटकीवर परततात, आणि तोवर तुम्ही दोन पावलं पुढे गेलेले असता. दुर्बीण घ्यायची तर 8 पट मोठं दाखवणारी आणि 2 मीटर किंवा त्याहून जवळचं स्पष्ट दिसेल अशी घ्या. पक्ष्यांसाठीच्या बऱ्याच दुर्बिणी इतक्या जवळ चालत नाहीत. जाळी लागत नाही, आणि संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय ती वापरूही नये.

आता ओळख

पहिला प्रश्न: चतुर की टाचणी (चतुराची सडपातळ बहीण, डॅमसेलफ्लाय)? टाचणीचं अंग काडीसारखं असतं, दोन डोळे डंबेलच्या टोकांसारखे लांब-लांब, आणि बसल्यावर पंख पाठीवर मिटलेले. चतुर जाडजूड, पंख आडवे पसरलेले, मागचा पंख बुडाशी रुंद. काही टाचण्या मात्र पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात, म्हणून पंखांवरच विसंबू नका, डोळे बघा. आणखी एक फसवणूक आहे: वाळूत नरसाळ्यासारखे खड्डे करणाऱ्या किड्याचं पंखवालं रूप लांबून टाचणीसारखंच दिसतं. त्याच्या मिशा ठळक, टोकाला जाडसर असतात. चतुर-टाचणीच्या मिशा केसाएवढ्या, जेमतेम दिसणाऱ्या.

चतुर असेल तर डोळे वरून बघा. बहुतेक चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. ते स्पष्ट वेगळे असतील, आणि पोटाचं टोक गदेसारखं फुगलं असेल, तर तो गोम्फिडी कुळातला असण्याची शक्यता मोठी. एवढ्या एका खुणेनं अर्धी यादी गळते.

मग ढब. काटकीच्या टोकावर आडवा बसतो, भिंतीला किंवा खडकाला चिकटून बसतो, की फांदीखाली उभा लटकतो? का बसतच नाही? मोकळ्या जागेवर थव्यानं तासन्‌तास तरंगणारा पिवळसर चतुर बहुतेक वेळा पँटाला फ्लेवेसेन्स असतो. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर आढळणारा हा भटक्या समुद्रही ओलांडतो. तो क्वचित बसतो, आणि बसला की लटकतो. भर दुपारी एखादा शेपूट सूर्याकडे उभी करून बसला असेल तर ती जातीची खूण नव्हे. अंगावर ऊन कमी पडावं म्हणून केलेली ती सोय आहे.

ज्याला आपण शेपूट म्हणतो ते खरं तर पोट, त्याचे 10 खंड. ते मोजायची सवय लावा. कुठल्या खंडावर डाग आहे, कुठला बारीक आहे, यावरच पुढची ओळख चालते. ऑर्थेट्रम सबायना घ्या: हिरवट-काळा, पोटाचं बूड फुगीर, मधला भाग बारीक कंबरेसारखा, पुन्हा मागे थोडा जाड, अगदी टोक पांढुरकं. नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे शिकायला हा सोपा. नर-मादी ओळखायला बाजूनं बघा: नराच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडाखाली उंचवटा असतो.

आता रंगाकडे या. दोन लाल नर शेजारी ठेवू. क्रोकोथेमिस सर्विलिया तोंडापासून पायांपर्यंत रक्तासारखा लाल, पोटाच्या मधोमध बारीक काळी रेघ. ट्रायथेमिस ऑरोराचं पोट गुलाबी-जांभळ्याकडे झुकणारं, पंखांच्या शिरा लाल, पण पाय काळे. पाय बघितले की दोघांतला गोंधळ मिटतो. पण फोटोत नेमके तेच पानामागे गेलेले असतात. निळे नर आणखी चकवतात. बऱ्याच जातींत तो निळा रंग म्हणजे वयानुसार चढणारी मेणचट पावडर असते. मिलनाच्या वेळी मादीच्या पायांनी ती पोटावरून घासली जाते आणि तिथं गडद ओरखडे उरतात. त्यांना नक्षी समजू नका. पंख काचेसारखे चकाकत असतील आणि अंग फिकट, मऊ असेल, तर तो नुकताच बाहेर पडलेला आहे. रंगावरून नाव देऊ नका आणि हातही लावू नका. ओले पंख कायमचे वाकतात.

फोटो किमान तीन हवेत: छातीवरचे पट्टे दिसतील असा बाजूनं, पोटाची नक्षी वरून, आणि पोटाच्या टोकाचा जवळून. टोकावरचे नराचे आकड्यांसारखे अवयव कित्येकदा जातीचा निकाल लावतात. शटर 1/500 सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. फोटो मोबाईलचा असला तरी सूर्य तुमच्या पाठीशी हवा. समोरून ऊन असलं की कुठलाही चतुर काळाच दिसतो. सोबत तारीख, वेळ, पाणी कसलं होतं आणि तो काय करत होता हे दोन ओळींत लिहा. एवढं करूनही काही टाचण्या फोटोवरून जातीपर्यंत जात नाहीत. तिथं प्रजातीचं (जातीच्या वरचा गट, genus) नाव लिहून थांबा, अंदाजानं पुढे जाऊ नका.

निघण्याआधी काठावरच्या गवताच्या काड्या पाण्यापासून वीतभर उंचीपर्यंत चाळा. अळीनं टाकलेली कोरडी, तपकिरी, पाठीवर उकललेली कात सापडेल. चतुराची आखूड आणि जाड असते, टाचणीची बारीक, टोकाला तीन पानांसारख्या कल्ल्यांची. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो, पण कात मिळाली की तो त्याच पाण्यात वाढला हे पक्कं. अशी कात काडीसकट कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या डबीत तिला बुरशी येते.