जुनी वायरिंग ठेवावी की बदलावी: माझा अनुभव

बैठकीच्या खोलीतील स्विचबोर्ड हाताला कोमट लागू लागला, तेव्हा मला प्रथम स्विचच खराब झाला असावा असे वाटले. मेन स्विच बंद करून आणि टेस्टरने खात्री करून बोर्ड उघडला, तर एका टर्मिनलचा स्क्रू सैल होता व त्याच्या भोवतीचे आवरण करपून तपकिरी झाले होते. स्क्रू आवळून काम भागले असते. पण शेजारची रबरी आवरणाची वायर किंचित वाकवताच तिचे आवरण जुन्या पापुद्र्यासारखे गळून पडले आणि आतले तांबे उघडे झाले.

मल्टिमीटरने काहीच दोष दिसला नाही, आणि ते स्वाभाविकच होते, कारण त्याच्या बॅटरीच्या अल्प विद्युत दाबाखाली कमकुवत आवरणही धडधाकट भासते. म्हणून परवानाधारक वायरमनला बोलावले. त्यांनी सर्व उपकरणे व दिवे काढून ठेवून 500 व्होल्टच्या मेगरने (उच्च विद्युत दाब देऊन आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) प्रत्येक सर्किटचा फेज व न्यूट्रलपासून अर्थिंगपर्यंतचा रोध मोजला. किमान 1 मेगाओम अपेक्षित असताना या सर्किटवर जेमतेम 0.3 आला, पीव्हीसी वायरच्या इतर सर्किटांवर तो 50च्या वर होता.

त्यामुळे संपूर्ण घर न उकरता तेवढेच सर्किट नव्या तांब्याच्या वायरने बदलले आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. नव्या वायरवरही मेगर लावून घेतला. ही पायरी बहुतेक जण टाळतात. बोर्ड आता थंड असतो.