दिवाळीनंतर शाळा भरतेय: दुसऱ्या सत्रात या चुका टाळा

यंदाच्या, म्हणजे २०२२-२३ च्या, तिसरीच्या वर्गाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. ही मुलं जून २०२० मध्ये पहिलीत गेली, म्हणजे हजेरीपटावर गेली. कोविडमुळे शाळेला कुलूप होतं. दुसरीत असताना १ डिसेंबर २०२१ ला ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले, जानेवारीत ओमायक्रॉनच्या लाटेत बंद झाले आणि २४ जानेवारीपासून पुन्हा भरू लागले. एप्रिलअखेरपर्यंत जेमतेम चार-साडेचार महिने वर्गात बसणं झालं आणि जून २०२२ ला ती तिसरीत आली. शहरांतल्या बऱ्याच मुलांच्या वाट्याला त्याहून थोडं कमीच आलं. चौथीतली मुलं त्या मानाने सुदैवी, कारण त्यांची पहिली मार्च २०२० च्या मध्यापर्यंत सुरळीत झाली होती. म्हणून काही शाळांत चौथी बऱ्यापैकी वाचते आणि तिसरी अडखळते. त्यात तिसरीच्या बाईंचा दोष नाही.

प्रथम सत्रात सेतू अभ्यास (मागच्या इयत्तेची उजळणी) झाला, चाचण्या झाल्या, सत्रअखेरचं संकलित मूल्यमापन झालं, श्रेण्या भरून झाल्या. आता सगळ्यांनाच वाटतंय की मागे राहिलेलं भरून काढण्याचा विषय संपला. तिथूनच चुकांना सुरुवात होते.

वही पूर्ण आहे म्हणजे मुलाला येतं, असं धरणं

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच. वही स्वच्छ, अक्षर टपोरं, फळ्यावरचं सगळं उतरवलेलं. त्याच वहीतली तिसरी ओळ वाच म्हटलं की मूल गप्प. ते फळ्यावरचं चित्र उतरवतंय, वाचत नाही. पाठ्यपुस्तकातला धडा वाचायला दिला तर कळणार नाही, कारण तो ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. न पाहिलेला चार ओळींचा मजकूर द्या आणि एकेकाला बाजूला घेऊन वाचायला लावा. अख्ख्या वर्गासमोर वाचायला लावलं तर भीती मोजली जाईल, वाचन नाही.

मूल नेमकं कुठे अडतं ते टिपून ठेवा. ‘वाचता येत नाही’ एवढ्याने काही हाती लागत नाही. मला वारंवार दिसणारे अडथळे असे:

बाराखडी खडाखडा म्हणतं, पण ‘कु’ दाखवला की मनात ‘क का कि की’ असं पहिल्यापासून म्हणत तिथवर पोहोचतं. याला बाराखडी येत नाही, बाराखडीची चाल येते. अशा मुलाकडून बाराखडी आणखी घोकून घेणं थांबवा. एकच चिन्ह घ्या, उदाहरणार्थ उकार, आणि तो वेगवेगळ्या अक्षरांना लावून घ्या: कु, मु, सु, तु. मग लगेच शब्द: गुण, फुगा, मुलगा, सुतार. ऱ्हस्व-दीर्घाची काटेकोर तपासणी पुढे करता येईल. आधी वाचू द्या.

घ-ध, भ-म, ब-व यांत गोंधळ असेल तर दोन्ही अक्षरं एकाच दिवशी शेजारी शेजारी शिकवू नका. आधी एक पक्कं होऊ द्या.

साधे शब्द येतात, पण ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘गाड्या’ आले की गाडी थांबते. हे मूल मागे नाही, ते जोडाक्षरांच्या उंबऱ्यावर आहे. त्याला पुन्हा मुळाक्षरांच्या गटात बसवलं तर ते कंटाळेल आणि खोड्या काढेल. मग त्याच्या नावापुढे ‘लक्ष नाही’ असा शेरा पडेल.

गणितातही तसंच. हातच्याची वजाबाकी चुकली की आपण आणखी वीस वजाबाक्या देतो. आधी त्याला ४७ मध्ये चार दशक दिसतात का ते पाहा. काड्यांचे गठ्ठे करायला लावा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गल्लत होत असेल तर तो प्रश्न गणिताचा नाही, संख्यानामांचा आहे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ ही पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. वर्गात मात्र अडलेल्या मुलाला ‘पन्नास नऊ, म्हणजे एकोणसाठ’ असं सांगितलं की पुष्कळदा काम होतं.

इयत्तेप्रमाणेच गट पाडणं

आपल्याकडे साठपर्यंत पट असलेल्या शाळेत दोन शिक्षक, म्हणजे एकाकडे दोन इयत्ता आल्याच. याची तक्रार आपण रोज करतो आणि ती खरीच आहे. पण या वर्षापुरता त्याचा फायदाही घेता येतो. रोज एक तास इयत्ता विसरा. पहिली ते चौथीची मुलं एकत्र करा आणि अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद असे गट पाडा. एक गट बाई घेतील, दुसरा गुरुजी, उरलेले दोन गट जोडीने वाचतील. उरलेल्या वेळात इयत्तेचं पुस्तक आहेच.

फक्त एक काळजी घ्या. अक्षरगटातलं मूल महिनाभर तिथेच राहिलं तर त्या गटाला मुलंच ‘ढ गट’ म्हणू लागतील. दर पंधरा दिवसांनी पुन्हा वाचून घ्या आणि मुलं हलवा. कुणीच हलत नसेल तर शिकवण्याची पद्धत बदला.

अजूनही मोबाईलवर अभ्यास टाकणं

‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या सरकारी उपक्रमाच्या काळात व्हॉट्सॲप गटाला पर्याय नव्हता. आता आहे. घरातला एकमेव फोन वडिलांच्या खिशात असतो आणि ते रात्री आठला परततात. मग अभ्यास आई तरी लिहून देते, नाहीतर ताई. मुलाला एकट्याने जमेल एवढाच गृहपाठ द्या, किंवा दहा मिनिटं कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ऐकणाऱ्या आजीला वाचता येत नसलं तरी बिघडत नाही. ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांत एप्रिल-जूनमध्ये तयार झालेले माता गट बऱ्याच गावांत दिवाळीपर्यंत थंडावले. ते पुन्हा बोलवा, नवीन समिती काढू नका.

दिवाळीनंतर न आलेल्या मुलांची वाट पाहत बसणं

बीड, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), जालन्यात हे सांगायला नको. ऊसतोडीच्या टोळ्या उठल्या की वर्गातली मुलंही उठतात. ‘येतील एप्रिलमध्ये’ म्हणून पटावर नाव तसंच ठेवणं ही एक चूक आणि नाव कमी करून मोकळं होणं ही दुसरी. मुकादमाकडून कोणत्या कारखान्यावर गेले ते विचारा. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं) दिलं नसेल तर कुणासोबत तरी पाठवा, त्यावर मुलाची वाचनपातळीही लिहा. गावात हंगामी वसतिगृह मंजूर असेल किंवा मूल ठेवून घेणारी आजी-आजोबा असतील तर पालकांशी फोनवर बोला. काही जण पहिला हप्ता मिटल्यावर पोरांना माघारी धाडायला तयार होतात.

तिकडच्या शाळेसाठी: शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये हे स्पष्ट आहे. कोविडच्या दोन वर्षांत फी न परवडून इंग्रजी शाळेतून जिल्हा परिषदेत आलेल्या मुलांनाही हेच लागू आहे.

शंभर टक्के हजेरीचं कौतुक

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे, तसंच भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला. लॉकडाऊनमध्ये लसीकरण हुकलेली बाळं तेव्हा दोन-तीन वर्षांची होती, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांची धाकटी भावंडं. ताप आणि पुरळ असलेलं मूल हजेरीच्या बक्षिसापायी वर्गात बसलं तर काय होईल ते सांगायला नको. पुरळ उठण्याआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस गोवर दुसऱ्याला लागू शकतो. अशा मुलाला घरी पाठवा आणि आशाताईंना त्याच दिवशी कळवा. पालकसभेत धाकट्यांचे गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस आणि पहिलीतल्यांचा घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताचा पाच वर्षांचा बूस्टर झाला का, ते विचारा.

‘माझे बाबा’ हा निबंध

विषय जुना आहे, सवयीने दिला जातो. देण्याआधी वर्गातली घरं आठवा. कोविडमध्ये वडील गेलेलं मूल प्रत्येक वर्गात नसेल, पण शाळेत असू शकतं. ‘मला आवडणारं माणूस’ असा विषय दिला तरी लेखन तेवढंच होतं. अशा मुलाच्या आईला सरकारी मदतीच्या बालसंगोपन योजनेबद्दल सांगा. आई-वडिलांपैकी एकच हयात असलं तरी अर्ज करता येतो, आणि हे अनेकांना ठाऊक नसतं. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करावी.

पालकांसाठी थोडंसं

घाबरून शिकवणी लावू नका. तिथेही इयत्तेचंच गाइड सोडवून घेतील. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. पुढच्या बैठकीत रंगकाम आणि कंपाउंडच्या आधी एवढंच विचारा: चौथीतली किती मुलं न पाहिलेला उतारा वाचतात? जूनमध्ये किती होती?

सगळं करूनही मूल हलत नसेल तर

दोन महिने नीट प्रयत्न करूनही तेच मूल तिथेच असेल तर आधी डोळे तपासून घ्या. दोन वर्षं या मुलांनी फळा फारसा पाहिलेलाच नाही, त्यामुळे लांबचं दिसत नाही हे कुणाच्या लक्षात यायला वावच नव्हता. फळ्यावरून उतरवताना चुकतं, पुस्तकातून उतरवताना चुकत नाही, ही ओळखायची सोपी खूण. ऐकण्याचंही तसंच: पाठीमागून नाव घेऊन हाक मारून पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. ते येऊन गेलं असेल तर पुढच्या वर्षाची वाट पाहू नका, पालकांसोबत चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. तोवर मुलाला पहिल्या बाकावर बसवा.