प्रक्रिया केलेलं सांडपाणी फळबागेला देताना आधी हिशोब, मग पाइप

गावाशेजारी नगरपालिकेचा सांडपाणी प्रकल्प उभा राहिला की बागायतदाराला दिसतं ते उन्हाळ्यातही न आटणारं पाणी. पण या पाण्यात खत आधीच विरघळलेलं असतं आणि ते बंद करायची चावी आपल्या हातात नसते. म्हणून मोटर बसवण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. इथे उदाहरण पेरूचं घेतलं आहे.

पाणी प्रकल्पाच्या शेवटच्या टाकीतूनच उचला, तेही लेखी परवानगी घेऊन. नाल्यात मोटर टाकून उपसलेलं पाणी म्हणजे प्रक्रिया केलेलं पाणी नव्हे. त्याच गटारात कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर विषय तिथेच सोडा, जड धातू साध्या प्रक्रियेने पूर्ण जात नाहीत.

नमुना प्रयोगशाळेत द्या, एकदा हिवाळ्यात आणि एकदा भर उन्हाळ्यात. ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप), सोडियमसाठी एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती ते), क्लोराइड, बोरॉन, एकूण नायट्रोजन आणि जिवाणू एवढं तपासून मागा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सिंचन वर्गात बोरॉन लिटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पण संत्रा-मोसंबीला 0.7 च्या पुढेच त्रास सुरू होऊ शकतो. निकषात बसलेलं पाणी तुमच्या झाडाला मानवेलच असं नाही.

आता हिशोब. 6 × 6 मीटरवर एकरी साधारण 110 झाडं बसतात. झाडाला दिवसाला सरासरी 45 लिटर दिले तर 200 दिवसांत जवळजवळ 10 लाख लिटर पाणी लागतं. त्यात लिटरला 20 मिलिग्रॅम नायट्रोजन असेल तर एकरात 20 किलो नायट्रोजन पडला, म्हणजे युरियाची जवळपास एक गोणी. तेवढा युरिया तुमच्या वेळापत्रकातून वजा करा. बहुतेक जण तसं करत नाहीत; मग झाड नुसतं पानावर जातं आणि फळ नरम पडतं.

खताबरोबर मीठही येतं. ईसी 1 (डेसिसीमेन्स प्रति मीटर) असलेल्या 10 लाख लिटर पाण्यात सुमारे 640 किलो क्षार असतात. इस्रायलमध्ये जवळपास 90 टक्के सांडपाणी शेतीत वापरलं जातं, पण तिथल्याही भारी चिकण जमिनीतल्या अॅव्होकॅडोच्या बागांना या पाण्याचा फटका बसला. सोडियमने मातीची जडणघडण बिघडते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. आपल्या काळ्या जमिनीवाल्यांनी हे मनावर घ्यावं.

बहाराचा प्रश्न तर कुणी विचारातच घेत नाही. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलं यावीत म्हणून, एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून बागेला ताण द्यायचा असतो आणि प्रकल्पाचं पाणी नेमकं तेव्हाही येत राहतं. ते चाऱ्याच्या गवताकडे वळवा, नाहीतर अस्तराच्या शेततळ्यात साठवा. शेततळ्यात नायट्रोजन-फॉस्फरसमुळे शेवाळ माजणारच. त्यामुळे फुटबॉल्व्ह (उपशाच्या पाइपाच्या टोकाची झडप) तळाला टेकवू नका आणि पृष्ठभागाशीही ठेवू नका.

पाणी ठिबकनेच द्या. तुषार किंवा पाटपाणी इथे नको, कारण पाणी फळाला, पानाला आणि मजुरांच्या हातापायांना लागता कामा नये. आधी सँड फिल्टर, मग डिस्क फिल्टर लावा. लॅटरलची (झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबक नळीची) टोकं दर आठवड्याला उघडून धुवा. ड्रीपर चिकट गाळाने बसत असतील तर क्लोरीन द्या. लॅटरलच्या शेवटी लिटरला 1 ते 2 मिलिग्रॅम शिल्लक दिसलं पाहिजे. अॅसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र सोडू नका, विषारी वायू होतो. पाइपांवर ‘पिण्यासाठी नाही’ असं ठळक लिहा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1989 च्या सूचनांनुसार फळझाडांचं हे पाणी तोडणीच्या दोन आठवडे आधी थांबवावं आणि जमिनीवर पडलेलं फळ उचलू नये. पेरू सालीसकट खाल्ला जातो, तेव्हा इथे सवलत नाही. तोडणी बरेच दिवस चालते, म्हणून तेवढे दिवस विहिरीच्या पाण्याची सोय आधीच करून ठेवा. ती नसेल तर या पाण्यावर पेरू करू नका.

मातीचा नमुना मेमध्ये आणि पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरमध्ये घ्या. ऑक्टोबरचा ईसी वर्षागणिक चढत असेल तर पावसाने क्षार धुतले जात नाहीत. निचऱ्याचे चर काढा, सोडियम वाढलं असेल तर जिप्सम टाका आणि विहिरीचं पाणी आलटून-पालटून द्या. तरीही आकडा उतरला नाही तर हे पाणी हलक्या, निचऱ्याच्या तुकड्यापुरतंच ठेवा.